विनातिकीट सापडलात तर

टीसीने पकडलं की पहिली गोष्ट, डब्यातून सटकू नका आणि मित्राचा पास स्वतःचा म्हणून दाखवू नका. नुसतं तिकीट नसणं हे रेल्वे कायद्याच्या कलम १३८ खाली येतं: भाडं अधिक दंड. दंड भाड्याइतका, पण किमान २५० रुपये. फसवणुकीचा हेतू दिसला की कलम १३७ लागतं, मग सहा महिन्यांपर्यंत कैद, हजारापर्यंत दंड किंवा दोन्ही.

खरी गोची भाड्यात होते. कुठे चढलात याबद्दल शंका असेल, तर भाडं गाडी सुटते तिथपासून लावतात. मुंबईहून येणाऱ्या गाडीत लोणावळ्याला चढलात, पुरावा नाही, तर मुंबईपासूनचे पैसे. खिशात लोणावळ्याचं प्लॅटफॉर्म तिकीट असेल तर तिथपासूनचंच भाडं लागतं. दंड मात्र सुटत नाही.

तिकिटाला वेळच मिळाला नाही? टीसी येण्याआधी आपणहून जाऊन सांगा, दंड टळू शकतो. त्याने विचारल्यावर सांगून उपयोग नाही.

पैसे दिले की पावती घ्याच. भाडं आणि दंड वेगवेगळे लिहिलेत का, कुठून कुठपर्यंत लिहिलंय, तिथेच वाचा. पुणे स्टेशनच्या गेटवर पुन्हा तपासणी झाली तर तीच तुमचं तिकीट. ‘थोडं कमी द्या, पावती नको’ हा सौदा करू नका.