चित्रकला येत नसेल तर घरच्यांसाठी हाताने ग्रीटिंग कसं बनवायचं?

तुम्ही विचारलंय की चित्रं काढता येत नाहीत, मागे एकदा जाड कागदाचं ग्रीटिंग केलं तर घडीवर कागद तडकला, डिंकाने फुगला. आता पुन्हा करायचं तर सुरुवात कुठून करू?

पाकिटापासून करा. मी चौकोनी, झकास ग्रीटिंग बनवून बसलो होतो, आणि रात्री साडेअकराला कळलं की ते मावेल असं पाकीटच घरात नाही. मग खाकी कागद कापून पाकीट करत बसलो. ग्रीटिंगपेक्षा जास्त वेळ त्यातच गेला.

सोपं माप सांगतो. ए-४ कागद २१० × २९७ मिलिमीटरचा असतो. तो मधोमध आडवा कापला की ए-५चे दोन तुकडे मिळतात. एका तुकड्याची घडी घातली की १०५ × १४८ मिलिमीटरचं ए-६ ग्रीटिंग तयार. ते सी-६ पाकिटात जातं, कारण ते पाकीट ११४ × १६२ असतं. आत थोडी मोकळी जागा राहते, आणि ती लागतेच, कारण काही चिकटवलं की ग्रीटिंग जाड होतं.

आता तुमची तडकलेली घडी. कागदातले तंतू बहुतांशी एकाच दिशेने लागलेले असतात. त्यांच्या दिशेने घडी घातली तर ती सरळ बसते, आडवी घातली तर जाड कागद कडेला फुटतो. कागद हातात धरून एकदा लांबीत, एकदा रुंदीत हलकेच वाकवून बघा (घडी पाडू नका). ज्या बाजूने कमी विरोध करतो, ती घडीची दिशा. ए-४च्या कागदात तंतू बऱ्याचदा लांब बाजूला धरून असतात. म्हणून अख्खा ए-४ अर्ध्यात दुमडला की घडी तंतूंना आडवी पडते आणि फुटते. तुमचं हेच झालं असावं. तो आधी कापून ए-५ची घडी घातली तर ती तंतूंच्या दिशेने येते. तरी वाकवून खात्री करा, सगळे कागद सारखे नसतात.

जाडी २०० ते ३०० जीएसएमच्या (म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) मधली घ्या. प्रिंटरचा साधा कागद ७०-८० जीएसएमचा असतो, त्याचं ग्रीटिंग टेबलावर उभंच राहत नाही. घडी घालण्याआधी स्टीलची पट्टी ठेवून संपलेल्या रिफिलने दाबून रेघ मारा. आणि जिथे रेघ खोल गेली ती बाजू बाहेर ठेवून दुमडा, मागे आलेला उंचवटा आत. ऐकायला उलटं वाटतं, मलाही वाटलं होतं. दोन तुकड्यांवर दोन्ही प्रकारे करून बघा, फरक दिसेल.

डिंकाचं थोडक्यात: पांढऱ्या डिंकात पाणी असतं, तंतू ते पितात आणि फुगतात, सुकताना कागद वेडावाकडा होतो. मोठा तुकडा चिकटवायचा असेल तर दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप किंवा ग्लू स्टिक वापरा. चमकी मात्र टाळा. ती ग्रीटिंग सोडून सगळ्या घरभर चिकटते.

चित्राच्या जागी मी रंगीत कागदाचे कापलेले तुकडे लावतो. तीन रंग, त्यापेक्षा जास्त नाहीत. उघडल्यावर काहीतरी वर यावं असं वाटत असेल तर घडी मिटलेली असताना घडीकडून आत दोन समांतर काप द्या, मधली पट्टी आत ढकला, की पायरी तयार. तिच्या पुढच्या बाजूवर फूल, नाव, काहीही चिकटवा. काप मात्र मिटलेल्या ग्रीटिंगच्या रुंदीच्या अर्ध्यापेक्षा कमी हवा. म्हणजे १०५ मिलिमीटरला ५२च्या आत, आणि मी तर ३५च्या पुढे जात नाही. ग्रीटिंग मिटलं की पट्टीचं टोक कापाच्या दुप्पट लांब जातं. माझ्या पुतणीच्या ग्रीटिंगात मी हे विसरलो, आणि मिटल्यावरही पट्टीचं टोक जीभ काढल्यासारखं बाहेर राहिलं. तिला तेच सगळ्यात जास्त आवडलं, ही गोष्ट वेगळी.

आणि मजकूर. बहुतेक लोक तो शेवटी लिहितात, तेव्हा हात दुखत असतात, मग 'हार्दिक शुभेच्छा' लिहून मोकळे होतात. मी आधी रफ कागदावर लिहितो. मामांसाठी लिहिलं होतं, 'घाटात गाडी बंद पडली तेव्हा तुम्ही दोन तास टॉर्च धरून उभे होतात आणि एकदाही घड्याळ बघितलं नाहीत.' वर फक्त पिवळ्या कागदाचा एक त्रिकोण, टॉर्चचा उजेड म्हणून. एवढंच चित्र. पक्का मजकूर पातळ वेगळ्या कागदावर लिहून आत चिकटवा, म्हणजे अक्षर चुकलं तर चिठ्ठीच बदलायची, सगळं ग्रीटिंग नाही. जेल पेन वापरत असाल तर गुळगुळीत चकचकीत कागदावर शाई लवकर वाळत नाही, बोट लागलं की पसरते.

मागच्या बाजूला पेन्सिलने वर्षासकट तारीख टाका. पुतणीने मला दिलेलं एक ग्रीटिंग कपाटाच्या दारावर लावलंय, त्यावर माझं चित्र आहे, सहा बोटांचं. ते तिने चौथ्या वर्षी काढलं की सहाव्या, यावर घरात अजून वाद चालतो.