वाचक विचारतात : शकुंतलेचं स्टेशन

प्रश्न : आमच्या कारंजाकडं शकुंतला रेल्वेगाडीच्या लाईनवर लहान लहान स्टेशनं हायेत, आता झुडपंच झुडपं. ही लाईन टाकली काऊन, अन् तिकीट कोण देये?
– एक वाचक, कारंजा तालुका

उत्तर : कापसासाठी जी! वऱ्हाडातला कापूस मूर्तिजापूरला मेन लाईनवर आणायचा, तिथून मुंबई अन् मग बोटीनं पार मँचेस्टरच्या गिरण्यांत, म्हणून किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीनं हे ७६२ मिलिमीटरचे अरुंद रूळ टाकले, एक फाटा यवतमाळला, एक अचलपूरला. १९९४ पर्यंत वाफेचं इंजिन होतं, मग डिझेल आलं. शेवटी शेवटी लहान स्टेशनांवर स्टाफच नव्हता, तिकीट गाडीतलेच लोक देत, फाटकही तेच उतरून लावत, म्हणजे स्टेशन गाडीसोबतच फिरे म्हणा ना! तरी एसटीपेक्षा स्वस्त, म्हणून गरीब माणूस तिच्यातच बसे.