नर डुकराचा वास व्हिनेगरने का जात नाही

प्रश्न थोडक्यात असा: गोव्यात डिचोलीला घरी वाढवलेला, खच्ची न केलेला दहा महिन्यांचा नर नाताळासाठी कापला. सारपोतेलचं (डुकराच्या मांसाच्या आंबट-तिखट रश्श्याचं) मांस उकळू लागताच घरभर मुतासारखा वास, पण यजमानांना तो अजिबात जाणवला नाही. माडाचं व्हिनेगर दुप्पट घालूनही फरक नाही. खाऊ घातलेल्या खरकट्याचा दोष, की कापणाऱ्याने मूत्राशय फोडलं?

कापणाऱ्याला सोडा. मूत्राशय फुटलं असतं तर वास वरवरचा असता, धुऊन बराचसा गेला असता. हा चरबीत मुरलेला आहे. नर वयात येऊ लागला की, साधारण पाच-सहा महिन्यांपासून, वृषणांत अँड्रोस्टेनोन हे वासाचं द्रव्य वाढतं. माजावर आलेली मादी नराच्या लाळेतल्या या वासानेच स्थिर उभी राहते. ते चरबीतही साठतं. पाण्यात जेमतेम विरघळतं, व्हिनेगरने मोडत नाही आणि तापलं की हवेत उडतं. म्हणून कच्चं मांस निमूट असतं आणि टोप चुलीवर चढला की बोंब होते.

त्याचा जोडीदार स्कॅटोल, शेणाच्या वासाचा. आतड्यातले जिवाणू ट्रिप्टोफॅन (प्रथिनांचा एक घटक) मोडतात तेव्हा तो तयार होतो. मादीतही होतो, पण तिचं यकृत त्याचा बराचसा निचरा करतं. वयात आलेल्या नरात अँड्रोस्टेनोन यकृताच्या याच कामात आडवं येतं. खाद्याचा संबंध आला तर तो इथे, आणि माझ्या मते त्याहून जास्त ओल्या गोठ्याचा. उकाड्यात डुक्कर शेणमुतात लोळतं, तेव्हा स्कॅटोल त्याच्या अंगातही जातो. गोठा कोरडा ठेवलात तर हा भाग कमी होईल, अँड्रोस्टेनोन मात्र जराही हटणार नाही.

यजमानांच्या नाकावर रागावू नका. काहींना अँड्रोस्टेनोनचा वासच येत नाही, काहींना तो गोडसर वाटतो. ओआर७डी४ या जनुकातल्या फरकांशी याचा संबंध आहे, हे २००७ साली दाखवलं गेलं. तेव्हा चव बघायला एकाच माणसाला बसवू नये.

पुढच्या खेपेला नर पिल्लं पहिल्या आठवड्यातच पशुवैद्याकडून, वेदनाशामक देऊन, खच्ची करून घ्या. मोठा नर खच्ची केला तर लगेच कापू नका, चरबीतला साठा उतरायला काही आठवडे लागतात. परदेशात खच्ची करण्याऐवजी लसही वापरतात: दोन डोस, निदान चार आठवड्यांच्या अंतराने, आणि दुसऱ्यानंतर चार ते सहा आठवड्यांनी कत्तल. ब्रिटन-आयर्लंडमध्ये बरेच जण खच्ची करतच नाहीत, नर लहान वयात कापतात. तुम्हालाही ते जमेल, फक्त नाताळची तारीख धरून पिल्लं उशिरा घ्यावी लागतील.

उरलेल्या मांसाचं म्हणाल तर मानेजवळच्या चरबीचा तुकडा तव्यावर तापवून दोघा-तिघांना हुंगायला द्या. वास सौम्य असेल तर चरबी पूर्ण काढून पातळ मांस चोरीसमध्ये (गोव्याच्या मसालेदार सॉसेजमध्ये), खच्ची डुकराच्या चरबीसोबत, मिसळा. जास्त असेल तर तेही करू नका, सगळी चोरीस वाया जाईल.