वाचकांचे प्रश्न : निनावी जपानी बास गिटार कशी ओळखावी, कशी विकावी?

प्रश्न : माझे वडील तारवटी (जहाजावरचे खलाशी) होते आणि सुट्टीवर घरी आले की गावातल्या बँडमधून लग्नांना बास गिटार वाजवत. १९७० च्या दशकात त्यांनी परदेशातून आणलेली गिटार आता माझ्याकडे आहे. हेडस्टॉकवर (तारा ताणायच्या खुंट्या असतात त्या वरच्या टोकावर) कोणतेही नाव नाही; नाव असायला हवे तिथे दोन बारीक छिद्रे मात्र आहेत. नेक (गिटारचा लांब दांडा) जिथे बॉडीला जोडली आहे, त्या मागच्या पट्टीवर इंग्रजीत ‘स्टील रीइन्फोर्स्ड नेक’ आणि ‘मेड इन जपान’ एवढेच लिहिलेले आहे. आकार फेंडर या अमेरिकी कंपनीच्या जॅझ बास या मॉडेलसारखा आहे, दोन पिकअप (तारांचा आवाज टिपणारे भाग) आणि तीन नॉब आहेत. घरात कोणी वाजवत नाही, म्हणून ती वाजवणाऱ्याच्या हाती जावी असे वाटते. ती कोणत्या कंपनीची असेल? किंमत किती सांगावी? एका परिचितांनी नव्याने पॉलिश करून वर फेंडरचे स्टिकर लावण्याचा सल्ला दिला आहे. तो मानावा का?
— एक वाचक, मडगाव

उत्तर : शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण बाकी सगळे त्यावर अवलंबून आहे. स्टिकर लावू नका आणि पॉलिशही करू नका. दुसऱ्याच्या नावाने वाद्य विकणे ही सरळ फसवणूक आहे, आणि जाणकार गिऱ्हाईक ती दोन छिद्रे पाहताच ती ओळखेल, कारण फेंडरचे नाव हेडस्टॉकवर चिकटवलेले असते, खिळ्यांनी ठोकलेले नसते. त्या छिद्रांवरून आपल्या गिटारवर पूर्वी धातूची किंवा प्लास्टिकची नावाची पट्टी होती असे दिसते. घरातले जुने डबे, गिटारची पेटी, वडिलांच्या बँडचे फोटो एकदा नीट पाहा. स्टेजवरच्या एखाद्या फोटोत ते नाव वाचता आले, तर पुष्कळ काम होईल.

ते नाव सापडले तरी त्यावरून कारखाना कळेलच असे नाही. त्या काळात जपानमध्ये वाद्य बनवणारा एक आणि त्यावर नाव घालणारा दुसरा, अशी सर्रास पद्धत होती. नागानो प्रांतातल्या मात्सुमोतो शहरात मात्सुमोकू आणि फुजिजेन हे दोन मोठे कारखाने होते. मात्सुमोकूमध्ये पूर्वी शिवणयंत्रांच्या लाकडी पेट्या बनत. पुढे तिथूनच आरिया, युनिव्हॉक्स, इलेक्ट्रा अशा अनेक नावांच्या गिटारी बाहेर पडल्या. फुजिजेनने आयबानेझ आणि ग्रेको या नावांसाठी काम केले. आयबानेझ हे नाव नागोयाच्या होशिनो गाक्की या व्यापारी कंपनीचे आहे. अमेरिकेतला किंवा इंग्लंडमधला आयातदार आपल्याला हवे ते नाव घालून माल मागवत असे, त्यामुळे एकाच साच्यातली गिटार दोन देशांत दोन नावांनी विकली जाई. म्हणून निनावी गिटारची ओळख तिच्या घडणीवरून पटवावी लागते.

घडण पाहण्यासाठी तारा पूर्ण सैल करा, गिटार जाड चादरीवर पालथी ठेवा आणि नेकचे चार स्क्रू काढा. ड्रिल मशीन वापरू नका. हाताचाच, स्क्रूच्या खाचेत घट्ट बसणारा स्क्रूड्रायव्हर घ्या. जपानी स्क्रूच्या फुलीची खाच आपल्याकडच्या नेहमीच्या स्क्रूड्रायव्हरच्या टोकाशी पुरती जुळत नाही, जोर दिला की टोक घसरते आणि स्क्रूचे डोके खराब होते. नेक बाहेर आली की तिच्या बुडाशी आणि बॉडीतल्या खाचेत पेन्सिलचे आकडे, शिक्का किंवा जपानी अक्षरे आहेत का ते पाहा. खाचेच्या कडेला रंग न लागलेले लाकूड उघडे असेल, तर तिथे पातळ थर एकावर एक चिकटवलेले दिसतात का, हेही पाहा. थर दिसले तर बॉडी प्लायवूडची आहे. सत्तरच्या दशकाच्या पूर्वार्धातल्या निर्यातीच्या मालात हे फार आढळते. थरांऐवजी लाकडाची सलग रेषा दिसली, तर बॉडी भरीव लाकडाची आहे आणि किंमत थोडी वर जाते. मग पिकअपचे स्क्रू काढून त्यांच्या तळाचा फोटो घ्या, कारण काही जपानी पिकअपच्या तळाशी शिक्के असतात आणि ते वाचणारे हौशी लोक जगभर आहेत. पिकअपच्या वायरी तोडू नका, सोल्डरिंगला हात लावू नका.

मापेही घ्या. नटपासून (हेडस्टॉकजवळ तारा टेकतात त्या पट्टीपासून) बाराव्या फ्रेटपर्यंतचे (फ्रेट म्हणजे नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) अंतर मोजून दुप्पट केले की तारेची वाजणारी लांबी मिळते. ती ३४ इंच, म्हणजे सुमारे ८६४ मिलिमीटर भरली, तर गिटार फेंडरच्या मापाची आहे. ३० ते ३०.५ इंच भरली, तर ती शॉर्ट स्केल, म्हणजे आखूड लांबीची आहे आणि तिचे गिऱ्हाईक वेगळे. नटपाशी नेकची रुंदीही लिहून ठेवा. मूळ जॅझ बासमध्ये ती सुमारे ३८ मिलिमीटर असते.

आपण लिहिलेल्या खुणांवरून मी एवढेच म्हणेन की ही सत्तरच्या दशकातली, बहुधा निर्यातीसाठी बनलेली जपानी कॉपी आहे. ‘मेड इन जपान’ इंग्रजीत लिहिण्याचे कारण परदेशातले गिऱ्हाईक. म्हणजे वडिलांनी ती जपानमध्येच घेतली असे धरून चालू नका. ती दुसऱ्याच एखाद्या बंदरातल्या दुकानातूनही आलेली असू शकते. ‘स्टील रीइन्फोर्स्ड नेक’ ही ओळ त्या काळच्या अनेक जपानी गिटारींवर सापडते, तिच्यावरून कारखाना ठरत नाही. खात्रीचा शिक्का सापडेपर्यंत जाहिरातीत कोणत्याही कारखान्याचे नाव घालू नका, ‘बहुतेक फुजिजेन’ असेसुद्धा नको.

या वाद्यांना नक्कल म्हणून हिणवणे मला पटत नाही. फेंडरचा जॅझ बास १९६० चा आणि त्याआधीचा प्रिसिजन १९५१ चा. ज्यांना ते परवडत नव्हते, अशा असंख्य वादकांचे हात या जपानी गिटारींवर तयार झाले, आणि सत्तरच्या दशकाच्या अखेरीस त्या इतक्या चांगल्या बनू लागल्या की १९८२ मध्ये फेंडरने फुजिजेनकडूनच आपल्या नावाच्या गिटारी बनवून घ्यायला सुरुवात केली. आपली गिटार त्या उत्तम पिढीच्या आधीची असण्याची शक्यता अधिक, तरीही ती वाजती असेल तर मानाने विकली जाण्याजोगी आहे.

वाजती आहे की नाही हे किमतीसाठी सर्वांत महत्त्वाचे. नेक परत बसवून तारा सुरात लावा. जाड तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर एकाच वेळी दाबा आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार व फ्रेट यांच्यातली फट पाहा. कागद सरकेल एवढी फट ठीक. मोठी फट असेल तर नेक वाकली आहे. गोव्याच्या पावसाळी हवेत वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या गिटारला हे होतेच. ट्रस रॉडचा (नेक सरळ ठेवणाऱ्या आतल्या सळईचा) फिरवायचा नट गंजून अडकला असेल, तर जोर लावू नका, गिटार दुरुस्त करणाऱ्याकडे न्या; रॉड तुटला तर नेकच वाया जाते. अॅम्पला जोडून दोन्ही पिकअप वेगवेगळे ऐका. नॉब फिरवताना खरखर येत असेल, तर ती बहुतेक वेळा कॉन्टॅक्ट क्लीनरने जाते. एखादा भाग बदलावाच लागला तर मूळ भाग पिशवीत घालून गिटारसोबत द्या.

किमतीचा आकडा मी फोटो न पाहता सांगणार नाही, पण तो काढायचा कसा हे सांगतो. रिव्हर्ब आणि ईबे या संकेतस्थळांवर तशाच निनावी गिटारी किती रुपयांना विकल्या गेल्या ते पाहा. विक्रेत्यांनी मागितलेल्या किमती पाहू नका, त्या वर्षभर तशाच पडून असतात. आयबानेझ किंवा ग्रेको या नावाच्या बासची किंमत आपल्या गिटारला लावता येणार नाही. भारतात दुरुस्तीचा खर्च आणि गिऱ्हाईकांची कमी संख्या यांमुळे परदेशातल्या आकड्याहून खालीच यावे लागते.

जाहिरात अशी लिहा : ‘जपानी बनावटीची, निनावी, जॅझ बास धाटणीची बास गिटार, सत्तरचे दशक, एका कुटुंबातच राहिलेली, कारखाना अज्ञात, हेडस्टॉकवर नावाच्या पट्टीची दोन छिद्रे, बॉडी अमुक लाकडाची, स्केल अमुक इंच.’ सोबत समोरून, मागून, नेकप्लेट, नेकचे बूड, पिकअपचा तळ आणि प्रत्येक ओरखडा यांचे दिवसाच्या उजेडात काढलेले फोटो द्या. वडिलांचा ती वाजवतानाचा फोटो असेल तर तोही द्या. वाद्य कुठून आले हे त्यावरून कळते.

शक्यतो गोव्यात, बेळगावात किंवा मुंबईत, गिऱ्हाईकाला वाजवून पाहू देऊन विका. कुरिअरने पाठवायची झाली तर खोक्याच्या आकारमानावरून वजन धरले जाते : १२० × ४० × २० सेंटिमीटरचे खोके ५००० ने भागले की १९.२ किलो भरते, प्रत्यक्ष गिटार चार-पाच किलोची असली तरी. परदेशी पाठवायची असल्यास रोझवूडच्या फ्रेटबोर्डचा (नेकवर फ्रेट बसवलेल्या पट्टीचा) विचार करा. २०१७ पासून या जातीच्या लाकडांवर आलेल्या आंतरराष्ट्रीय निर्बंधांतून तयार वाद्यांना २०१९ च्या नोव्हेंबरपासून सूट आहे, पण ब्राझिलियन रोझवूडला ती नाही. त्यामुळे पाठवण्यापूर्वी कस्टम्सकडे चौकशी करावी.

प्रश्न : मला प्रिसिजन धाटणीचा एक जुना जपानी बास विकत घ्यायचा आहे. हेडस्टॉकवर नाव नाही, पण तो ‘लॉसूट एरा’चा म्हणजे खटल्याच्या काळातला आहे असे सांगून विक्रेते बरीच जास्त किंमत मागत आहेत. द्यावी का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : त्या शब्दांसाठी जास्तीचा एक रुपयाही देऊ नका. खटला एकच झाला : गिब्सन या अमेरिकी गिटार कंपनीची मालक असलेल्या नॉर्लिन कंपनीने २८ जून १९७७ रोजी होशिनोच्या अमेरिकेतील एल्गर या कंपनीविरुद्ध फिलाडेल्फियाच्या न्यायालयात दावा लावला. वाद गिब्सनच्या हेडस्टॉकच्या आकाराचा होता, तोवर आयबानेझने आपल्या हेडस्टॉकचा आकार बदललेलाही होता, आणि १९७८ मध्ये प्रकरण न्यायालयाबाहेर मिटले. फेंडरच्या धाटणीच्या बासचा त्याच्याशी काही संबंध नाही. आयबानेझच्या १९७५ च्या अखेरीपासूनच्या क्रमांकांत पहिले अक्षर महिन्याचे आणि पुढचे दोन आकडे वर्षाचे असतात; तसा क्रमांक विक्रेत्यांकडे असेल तर दाखवायला सांगा. नसेल तर वरच्या उत्तरात सांगितल्याप्रमाणे नेक काढून दाखवायची विनंती करा, नेक सरळ आहे का आणि दोन्ही टोकांच्या फ्रेट किती झिजल्या आहेत ते पाहा, आणि फ्रेट बदलण्याचा खर्च वजा करून मगच आपली किंमत सांगा.