वन्संचं घर असताना हॉटेल कशाला?

सप्रेम नमस्कार,

मी सांगलीची, वय ४६. लग्नाला २३ वर्षं झाली. हे बँकेत कॅशियर आहेत. धाकटा यंदा पुण्याला हॉस्टेलवर गेला. पुढच्या महिन्यात दुसऱ्या शनिवारला जोडून आम्ही दोघांनीच मुंबईला जायचं ठरवलंय. शुक्रवारी रात्री महालक्ष्मी एक्सप्रेसने निघायचं, रविवारी रात्री त्याच गाडीने परत. तिकिटं काढून झाली आणि घरात कुरबुर सुरू झाली.

माझ्या थोरल्या नणंदबाई डोंबिवलीला असतात. आजवर लग्न, बारसं, दवाखाना, कशालाही मुंबईला गेलो की त्यांच्याकडेच उतरलो. या वेळी मी भीत भीत हॉटेलचं नाव काढलं, तर हे म्हणाले, "हक्काचं घर असताना लॉजवर उतरायचं? ताई काय म्हणेल?" सासूबाई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. शेवटी यांनी तोड काढली, ताईला सांगायचंच नाही, गुपचूप जाऊन यायचं.

त्यात यांनी डायरीत १४ ठिकाणं लिहिलीत आणि प्रत्येकापुढे वेळ. गेटवे, १०.१० ते १०.४०. "तुला काय बघायचंय?" असं विचारलं, तर मला पटकन काही सांगता येईना. कॉलेजच्या सहलीत फोर्टातल्या म्युझियमला गेले होते, पण बस सुटायची म्हणून २० मिनिटांत बाहेर काढलं होतं, तेवढं आठवलं.

आणि खरं सांगू का? दोन दिवस दोघंच असलो तर बोलायचं काय, याचीही धास्ती वाटते. मी चुकतेय का?

— द्विधेत सापडलेली

---

नमस्कार,

तुमचं मूळ पत्र पाच पानी आहे. त्यातली साडेतीन पानं वन्संवर, एक पान त्या डायरीवर आणि म्युझियमवर जेमतेम दीड ओळ. मला त्या दीड ओळीबद्दल बोलायचंय, पण आधी वन्संचं मिटवू. ते मिटल्याशिवाय तुम्ही म्युझियममध्ये उभ्या राहिलात तरी डोळ्यांसमोर डोंबिवलीच येणार.

मुळात भांडण किती रात्रींचं आहे ते बघा. शुक्रवारची रात्र गाडीत, रविवारची रात्र गाडीत. राहिली एक, शनिवारची. शनिवारी दिवसभर फोर्टात फिरायचं, संध्याकाळी गर्दीची लोकल पकडून तास-सव्वा तासाने डोंबिवली गाठायची, जेवून आडवं व्हायचं आणि रविवारी सकाळी पुन्हा उलट प्रवास. मध्य रेल्वेवर रविवारी दिवसा मेगाब्लॉक असण्याचीच शक्यता जास्त. म्हणजे दोन दिवसांतला अर्धा दिवस रुळांवर गेला. हे हिशेबाचं कारण तुमच्या अहोंना लगेच पटेल, कॅशियरच आहेत ते. पण वन्संना हे कारण देऊ नका. मेगाब्लॉकचं निमित्त केलंत, तर वन्सं म्हणतील, "मग सोमवारची रजा टाका की!" तुम्ही अडकलात.

आणि गुपचूप? अजिबात नाही. हा प्रयोग मी करून बसलेली आहे. १९८७ साली आम्ही नाशिकहून असेच दोघं मुंबईला गेलो. गिरगावात माझे मामेसासरे राहायचे, त्यांना कळवलं नाही. मुंबई एवढी मोठी, कोण भेटतंय? संध्याकाळी चौपाटीवर भेळ खात उभे होतो, पुरी माझ्या तोंडात अर्धी आणि समोर मामंजी, हातात छत्री. रागावले नाहीत. भेळेचे पैसे त्यांनीच दिले. त्यानंतर अकरा वर्षं, प्रत्येक लग्नात, अक्षता पडल्या की शेजारी येऊन विचारायचे, "काय सूनबाई, या वेळी कुठल्या हॉटेलात?" आम्ही तर साध्या भेळेत सापडलो. आता तुमच्या भाचीने अहोंचं व्हॉट्सॲप स्टेटस बघितलं की पाचव्या मिनिटाला डोंबिवलीत फोन.

तेव्हा सांगायचं, आणि निघायच्या पंधरा दिवस आधी सांगायचं. पण कुणी? तुमच्या पत्रात सगळीकडे "मी वन्संना कसं सांगू?" असंच आहे. तुम्ही सांगायचंच नाही. बहीण त्यांची, फोन त्यांनी करायचा. हीच गोष्ट तुम्ही सांगितलीत की "बायकोने त्याला फितवलं" होतं आणि भावाने सांगितलं की "त्याला हौस आली वाटतं" होतं. वाक्यही लांबलचक नको. "ताई, या वेळी आम्ही दोघंच हिंडायला येतोय, एक रात्र फोर्टातच राहतोय, तुझ्याकडे मे महिन्यात चार दिवस निवांत येतो." मे महिना नुसता बोलायचा नाही, जायचंच. फोन स्पीकरवर ठेवू नका आणि मागे उभ्या राहून खुणाही करू नका.

जरा वन्संच्या बाजूनेही बघा. तुम्हीच लिहिलंय की एक खोली, एक हॉल, माणसं पाच. तुम्ही उतरलात की मुलगा स्वयंपाकघरात आडवा होतो आणि वन्सं सकाळी साडेचारला उठून आवाज न करता डबे भरतात. २३ वर्षं त्यांनी हे केलं, कधी कुरकुर केली नाही. पण कुरकुर केली नाही म्हणजे त्रास झाला नाही असं थोडंच आहे? तुम्ही हॉटेलात उतरताय म्हटल्यावर त्या चार दिवस फुगतील. पाचव्या दिवशी, कुणाचं लक्ष नाही असं बघून, "सुटले बाई" असंही म्हणतील. सासूबाईंचं म्हणाल, तर लेक निवळली की त्याही निवळतात.

हॉटेलची गोष्ट थोडक्यात. "लॉज" हा शब्द घरात वापरणं बंद करा, अर्धा विरोध त्या शब्दालाच आहे. फोर्ट, चर्चगेट, कुलाबा, यातलं काहीही चालेल. गाडी सकाळी पोचते आणि खोली बहुतेक ठिकाणी दुपारी मिळते, म्हणून सामान आधी ठेवू देतील का हे फोनवरच विचारून घ्या. दोघांचीही ओळखपत्रं लागतात. तुमच्या आधारकार्डावर अजून माहेरचं आडनाव आहे असं लिहिलंय, तर तेही फोनवर सांगून टाका, म्हणजे काउंटरवर अवघडायला नको.

आता डायरी. अहो, घारापुरीला त्यांनी दीड तास दिलाय! गेटवेहून लाँचने जायलाच तास लागतो, यायला तास, वर शंभरावर पायऱ्या. तिथली त्रिमूर्ती बघण्यासारखीच आहे, पण तिला अर्धा दिवस द्यावा लागतो. द्यायचा तर बाकीची अर्धी यादी गेली. माझं मत विचाराल तर या वेळी घारापुरी सोडा. सिद्धिविनायकही सोडा, शनिवार-रविवारी दर्शनाच्या रांगेत उभं राहून तुम्ही एकमेकांशी काय बोलणार, "रांग सरकली का?"

मला त्या डायरीचा राग आला नाही, थोडी माया वाटली. रोज संध्याकाळी कॅश जुळल्याशिवाय घरी येता येत नाही अशा माणसाने केलेली यादी आहे ती. एकही मिनिट बेहिशेबी राहू नये. आणि मला असंही वाटतं की "बोलायचं काय" ही धास्ती तुम्हाला एकटीलाच नाही. १४ ठिकाणं ठेवली की दोन दिवस बोलावंच लागत नाही. डोंबिवलीचंही तेच. तिथे बोलायला वन्सं आहेत, टीव्ही आहे.

म्हणून माझी सूचना: शनिवारची अख्खी सकाळ त्या म्युझियमला द्या. तुम्ही २० मिनिटांत बाहेर पडलात ते आताचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. १० जानेवारी १९२२ ला ते लोकांसाठी उघडलं. इमारत त्याआधीच उभी होती, पण पहिल्या महायुद्धात तिथे लष्करी दवाखाना होता. वास्तुकार जॉर्ज विटेट, गेटवेही त्याचाच. आत शिरलात की आधी काही न बघता मधोमध उभ्या राहा आणि मान वर करा. वरचा घुमट विजापूरच्या गोलघुमटावरून बेतलेला आहे, आणि गोलघुमट तुम्हा सांगलीकरांना काही लांब नाही. मग पहिल्या मजल्यावरच्या गोल कठड्याकडे बघा. तिथल्या लाकडी कमानी विटेटने नाशिकच्या एका जुन्या वाड्यातून विकत आणून बसवल्या. मी नाशिकची, आमच्या वाड्याच्या माजघरातला खांब ज्या घाटाचा होता तोच घाट तिथे दिसला आणि मी तिथेच थबकले. आमचे हे तोवर दोन दालनं पुढे गेले होते. मागे वळून आले आणि म्हणाले, "काय झालं, पाय दुखतोय?" मी खांब दाखवला. मग ते त्यांच्या आजोळच्या वाड्याबद्दल बोलायला लागले, आणि त्यांच्या आजीने त्यांना खांबाला बांधून ठेवल्याची गोष्ट मला लग्नानंतर अठरा वर्षांनी कळली.

बोलायचं काय, याचं उत्तर मला एवढंच ठाऊक आहे. आपण दोघांनी एकच वस्तू जरा जास्त वेळ बघायची. लघुचित्रांच्या दालनात एखादं चित्र निवडा आणि त्यातली माणसं मोजा. अहो मोजण्यात पटाईत असतील.

त्याआधी सकाळचं एक काम. सीएसएमटीला उतरल्यावर सगळे जण टॅक्सीकडे पळतात आणि ज्या इमारतीतून बाहेर पडले तिच्याकडे पाठ फिरवतात. तुम्ही रस्ता ओलांडून महापालिकेच्या बाजूला जा आणि मागे वळा. १८८७ सालची इमारत, फ्रेडरिक स्टीव्हन्सची. फाटकाच्या एका खांबावर सिंह आहे, दुसऱ्यावर वाघ. सिंह इंग्लंडचा, वाघ आपला. पाच मिनिटं पुरतात. मग धोबीतलावाला कयानी या इराण्याकडे ब्रून मस्का, म्हणजे लोणी लावलेला कडक पाव, आणि चहा. १९०४ पासून आहे ते. ब्रून चहात बुडवूनच खायचा, कोरडा खाल्लात तर टाळू सोलवटून निघते.

संध्याकाळी मरीन ड्राइव्ह, आणि त्याच्यापुढे डायरीत वेळ लिहायची नाही. सूर्य बुडायच्या तासभर आधी नरिमन पॉइंटच्या टोकाकडून चालायला लागा आणि पाय दुखले की कट्ट्यावर बसा. तिथली जोडपी कशी बसतात ते बघून ठेवा. हॉटेलातल्या टेबलासारखी समोरासमोर कुणी नसतं, सगळी शेजारी-शेजारी, तोंडं समुद्राकडे. त्यामुळे पाऊण तास कुणी काही बोललं नाही तरी ते न बोलणं वाटत नाही. वीस-बावीस वर्षांची पोरं गळ्यात गळे घालून बसलेली असतील, त्यांच्याकडे बघून "काय हा जमाना" म्हणायचा मोह अहोंना झाला, तर त्यांच्या हातात चणे-शेंगदाण्याची पुडी द्या.

रविवारी सकाळी उशिरा उठा. डायरीत उठायची वेळ पावणेसहा लिहिलीय, ती खोडा. रविवारी फोर्ट ओस पडलेला असतो, कचेऱ्या बंद, फुटपाथ मोकळे, चालायला याहून चांगला दिवस नाही. ओव्हल मैदानाच्या कडेला झाडाखाली बसा. एका बाजूला उच्च न्यायालय आणि १८७८ चा राजाबाई टॉवर, दुसऱ्या बाजूला १९३०च्या दशकातल्या गोलाकार बाल्कन्यांच्या इमारती आणि मध्ये एकाच वेळी चाललेले डझनभर क्रिकेटचे सामने. कुणाचा चेंडू कुठल्या सामन्यातला हे त्यांनाच कळत नाही. दुपारी मन झालं तर दादरला जा, प्रकाशमध्ये साबुदाणा वडा आणि पियूष, आणि शिवाजी मंदिरला एखादं नाटक लागलं असेल तर तिकीट. मात्र परतीच्या गाडीची वेळ बघूनच, आणि मन झालं तरच.

चुकताय का, असं विचारलंत. नाही. एवढंच की "हॉटेल हवं" असं तुम्ही घरात म्हणालात, "मला तुमच्याबरोबर एकटीला जायचंय" असं अजून म्हणाला नाहीत. ते एकदा म्हणून बघा. पोळी वाढताना घाईत नको, निवांत असताना.

एक राहिलं. जाताना भडंगाची मोठी पिशवी न्या आणि सादळू नये म्हणून दोन प्लास्टिकमध्ये घट्ट बांधा. रविवारी रात्री परतताना महालक्ष्मी कल्याणला थांबते आणि डोंबिवलीहून कल्याण म्हणजे काहीच अंतर नाही. डब्याचा नंबर अहोंनी वन्संना कळवून ठेवावा, "ये" असं म्हणू नये. फुगलेल्या असतील तर येणार नाहीत. तरी ठाणं गेलं की पिशवी वरून खाली काढा आणि दारापाशी जाऊन उभ्या राहा. गाडी फार वेळ थांबत नाही, आणि वन्सं आल्याच तर त्यांच्याही हातात डबा असणार.