स्वभाव, पिंड, मिजाज: टेंपरामेंटला मराठीत काय म्हणावं?

लातूरच्या एका शिक्षिकाताईंनी विचारलंय, बी.एड.च्या नोट्स मराठीत करताना टेंपरामेंट (माणूस जन्मतःच घेऊन येतो तो स्वभाव) आणि पर्सनॅलिटी दोन्हीला 'स्वभाव' लिहिलं तर चालेल का. माझ्या मते नाही चालणार, घोळ होईल. आणि गंमत अशी की आपल्याकडं या अर्थाचे एक सोडून तीन शब्द होते अन् तिन्ही आपण दुसऱ्याच कामाला जुंपलेत.

पहिला मिजाज. आमच्या परभणीकडं निजामाच्या राज्यात शिकलेली जुनी माणसं भेटल्यावर 'मिजाज कैसे हैं' विचारायची, त्यात गर्वाचा काही संबंध नव्हता. मूळ अरबी शब्दाचा अर्थ मिश्रण. युनानी वैद्यकात दम, बलगम, सफ्रा आणि सौदा म्हणजे रक्त, कफ, पिवळं पित्त आणि काळं पित्त, यातलं ज्याचं प्रमाण ज्यादा तसा माणसाचा मिजाज, म्हणजे सफ्रावाला तापट, सौदावाला उदास, असं. आणि टेंपरामेंट ज्या लॅटिन शब्दावरून आला त्याचाही अर्थ मिश्रणच, कारण दोन्हीकडची ही कल्पना ग्रीक वैद्यांची. म्हणजे अर्थानं बघितलं तर मिजाज हा टेंपरामेंटचा सख्खा भाऊ, पण मराठीत त्याची 'मिजास' झाली अन् शब्द कामातून गेला.

दुसरा तबियत. अरबीत याच्या धातूचा अर्थ ठसा उमटवणं, छापणं. जन्मतःच माणसावर जो छाप पडला ती तबियत (इंग्रजी टाइप या शब्दाच्या मुळाशी पण ग्रीकमधला ठसाच हे बरं का!). आज तब्येत म्हटलं की बीपी अन् शुगर. तिसरा प्रकृती, आयुर्वेदात ती गर्भातच ठरते, वात पित्त कफावरून, पण आपण प्रकृती विचारतो ती दवाखान्यातून आलेल्या माणसाची. जुन्या अर्थाची खूण उरलीय ती 'पित्त खवळलं' मधे, तिथं पित्त म्हणजे अजून रागच.

मग राहिलं काय? पिंड. 'त्याचा पिंडच शेतकऱ्याचा' म्हणतो तेव्हा ते शिकून आलेलं नाही हेच सांगायचं असतं. स्वभावाचाही मूळ अर्थ तोच, पण 'लग्नानंतर त्याचा स्वभाव बदलला' असं आपण सर्रास बोलतो, म्हणून त्याच्याआधी 'उपजत' लावा. पर्सनॅलिटीला व्यक्तिमत्त्व, त्यात व्यक्त होणं आहे, बाहेर दिसतं ते. तुमच्या लातुरात व्यक्तिमत्त्व विकासाचे क्लास निघतात, पिंड विकासाचा क्लास कुणी काढलेला माझ्या तरी ऐकण्यात नाही. (आणि त्यात त दोनदा, मत् अधिक त्व, हे नोट्समधे हमखास चुकतं.)

हा फरक आपल्या म्हणीत पण हे, 'ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला'. वाण म्हणजे मूळचा रंग, तो बदलत नाही, गुण शेजारानं लागतो. बैलबाजारात तर हे शास्त्र रोजचं, मारका, बुजरा, गरीब. देवणीची गाय घेताना 'गरीब हे का' विचारतात ते तिच्याकडं पैसे किती म्हणून नाही.

यातला 'बुजरा' तर इंग्रजी 'शाय'साठी तुम्ही सरळ उचला. जेरोम केगन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं चार महिन्यांची बाळं बघितली, साधारण 20 टक्के बाळं नवीन वस्तू, नवीन आवाज आला की हातपाय झाडून रडायची, आणि त्यातली बरीच पुढं बुजरी निघाली. बरीच, सगळी नाही. अंतर्मुख म्हणजे इंट्रोव्हर्ट वेगळा, तो मानसशास्त्रज्ञ युंगनं 1921 च्या पुस्तकातून रुळवलेला शब्द, मन आत वळलेलं असा, त्याला लोकांची भीती असेलच असं नाही.

स्वभावाच्या टाइपला 'प्रकार' पुरे, पण मुलांना प्रकारात कोंबताना जरा दमानं. थॉमस आणि चेस या मानसोपचारतज्ज्ञांनी न्यूयॉर्कमधे 1956 पासून मुलांचा अभ्यास केला, सोपी, अवघड आणि हळूहळू रुळणारी असे तीन प्रकार पाडले तरी 35 टक्के मुलं कशातच बसेनात.

तर टेंपरामेंटला उपजत स्वभाव किंवा पिंड लिहा. मिजाज कितीही आवडला तरी वर्गात वापरू नका, बाईंनी लेकराला मिजासखोर म्हटलं म्हणून दुसऱ्या दिवशी आजोबा शाळेत हजर.