भावा, आधी नुसता फिर

फोर्झा होरायझन ५ हा गाड्यांच्या शर्यतीचा गेम घेतलास ना, मग पहिले आठ दिवस शर्यती विसर. त्यातल्या मेक्सिकोत ज्वालामुखीच्या माथ्यापर्यंत गाडी जाते. एकदा सावकाश चढव. यवतेश्वर घाटातून कासला जाताना वळणागणिक सातारा खाली खाली जातो ना, तसलंच काहीसं. खरं सुख तेच, आणि इथं ना पेट्रोल जळतं ना घरचे ओरडतात.

वैताग नंतर सुरू होतो. पाचशेच्या वर गाड्या, त्याही कंदी पेढ्यांसारख्या वाटत सुटतात. फुकट मिळालेल्या गाडीचं अप्रूप ते काय? मी तर एकच जुनी धरून बसलोय. ट्रॅक्शन कंट्रोल, म्हणजे चाकं घसरू न देणारी सोय, लगेच बंद करू नकोस, पावसात मागची चाकं घसरतात. रिवाइंड, म्हणजे चुकलं की थोडं मागं जाऊन पुन्हा चालवायची सोय, मात्र कमी वापर, नाहीतर ब्रेक कधी दाबायचा ते कळणारच नाही.

आणि दुसरा गेम घेताना तो इंटरनेटशिवाय चालतो का बघ. २०१४ चा ‘द क्रू’ एकट्यानं खेळायलाही कंपनीचा इंटरनेटवरचा सर्व्हर लागायचा. ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद झाले, आणि पैसे मोजलेल्यांचाही गेम गेला.